बंद वाचनालयाचा व्हिडिओ

वोलोस शहरातल्या विद्यापीठात अर्थशास्त्र शिकणाऱ्या वाइओसला चार वर्षांचा अभ्यासक्रम पाचव्या वर्षीही पुरून उरला होता. विषय एकदाचे सगळे सुटले होते. राहिला होता तो फक्त प्रत्यक्ष कामाचा अनुभव. तीन महिने कुठेतरी काम करायचे, तिथल्या वरिष्ठांची सही आणायची, की जूनमध्ये पदवी हातात. वर्गातली हुशार मुले बँकांत आणि हिशेबनिसांकडे चिकटली. वाइओसला जाग आली तेव्हा एकच जागा शिल्लक होती: विद्यापीठाच्याच प्रसिद्धी कार्यालयात, विद्यार्थ्यांच्या जीवनावर छोटे छोटे व्हिडिओ बनवण्याची.

कार्यालय म्हणजे एक खोली, दोन टेबले आणि कॅलिरोईबाई. बाई पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, आणि मते पक्की. व्हिडिओला सुरुवात हवी, मध्य हवा आणि शेवटी कुलगुरू हवेत, असे त्यांचे म्हणणे.

वाइओसचा पहिला व्हिडिओ भोजनगृहातल्या बुधवारच्या मसुराच्या आमटीचा होता. आमटीत चमचा उभा राहतो, हे त्याने संथ संगीत लावून दाखवले. चाळीस हजार लोकांनी तो पाहिला आणि आचाऱ्याने पुढचे दोन आठवडे त्याला पाव दिला नाही. दुसरा व्हिडिओ विषयनोंदणी कशी करावी यावर होता. तो अकरा मिनिटांचा झाला आणि एकोणीस जणांनी पाहिला. त्यातली एक त्याची आई होती, आणि तिने दोनदा पाहिला. मात्र तिसऱ्या महिन्यापर्यंत त्याला काम कळू लागले होते. आधी माणूस दाखवायचा, मग इमारत. चाळीस सेकंदांच्या पुढे जायचे नाही. लाजणाऱ्याला शेवटी विचारायचे, तोच सर्वांत चांगले बोलतो.

शेवटचे काम होते वाचनालयाचा व्हिडिओ. शुक्रवारी बारावीची मुले आणि त्यांचे आईवडील विद्यापीठ पाहायला येणार होते. तीनशे माणसांसमोर मोठ्या पडद्यावर तो दाखवायचा होता. बाईंनी यादीच दिली: उंच खिडक्या, भरलेली टेबले, एकही मूल झोपलेले नको.

"हा झाला की तुझी सही," बाई म्हणाल्या.

वाइओसने ते काम मंगळवारवर टाकले. सोमवारी विद्यार्थ्यांची सभा होती.

वाचनालय दुपारी तीनलाच बंद व्हायचे, कारण दुपारनंतर तिथे बसायला कर्मचारी नव्हता. मुलांना ते रात्रीपर्यंत उघडे हवे होते. चार तास भाषणे झाली आणि आसिमिनाने ठराव मांडला: माणूस मिळेपर्यंत वाचनालय ताब्यात घ्यायचे आणि दाराला कुलूप ठोकायचे. वाचनालय जास्त वेळ उघडे राहावे म्हणून ते सकाळपासूनच बंद करायचे, यात सभेत कुणालाही काही वावगे वाटले नाही. आसिमिना वाइओसची पहिल्या वर्षापासूनची मैत्रीण. तिच्या वह्यांवर तो पाच वर्षे पास होत आला होता, त्यामुळे सभेत तिचा हात वर गेला की त्याचाही जायचा. त्या दिवशी तो मोबाइलवर एका व्हिडिओखालची अक्षरे लावत बसला होता. डोळे मोबाइलवर होते, हात वर होता. ठराव एकसष्ट विरुद्ध साठ मतांनी मंजूर झाला.

मंगळवारी नऊ वाजता तो कॅमेरा आणि तिपाई घेऊन वाचनालयापाशी गेला. दाराला मोपेड बांधायची साखळी होती. साखळीपुढे प्लास्टिकच्या खुर्चीत आसिमिना गार कॉफी पीत बसली होती.

"अगं, मला आत जायचंय. पाच मिनिटांचं काम आहे."

"कॅमेरा घेऊन? जमणार नाही."

"का?"

"प्रशासनाचा कॅमेरा आत येणार नाही, असा ठराव आहे."

"हा कधी झाला?"

"कालच. तिसरं कलम. त्यालाही हात वर केलास की तू!"

"मी मोबाइल बघत होतो गं!"

"हात तर मोबाइल बघत नव्हता ना? दिसला सगळ्यांना. एका मतानं जिंकलो आपण, लेका. तुझ्यामुळे!" आणि तिने मनापासून त्याच्या पाठीत थाप मारली.

वाइओस तिपाई खांद्यावर टाकून कार्यालयात आला.

"बाई, वाचनालय बंद आहे."

"कुणी केलं?"

"मुलांनी."

"कुठल्या मुलांनी?"

वाइओस खिडकीबाहेर बघू लागला. "एकसष्ट जणांनी."

"मोजलेस वाटतं!" बाईंनी चष्मा चढवला. "हे बघ बाळा, माझ्या वेळी आम्ही आंदोलनात त्याच पायऱ्यांवर चाळीस दिवस बसलो होतो. तेव्हा मला हे सांगू नकोस. शुक्रवारी व्हिडिओ हवा. नसेल तर सही नाही. न झालेल्या कामावर मी सही करत नसते."

सही नाही म्हणजे जून नाही, आणि जून नाही म्हणजे सहावे वर्ष. बुधवारी वाइओसने नगरपालिकेच्या वाचनकक्षात जाऊन चित्रण केले. तिथे वर्तमानपत्र वाचत चार पेन्शनर बसले होते. बाईंनी ते पाहिले.

"ही आपली मुलं?"

"जरा वरच्या वर्गातली."

"यातले एक तर पोस्टातून निवृत्त झालेत. मी ओळखते त्यांना. जा, दुसरं आण."

त्याच दुपारी वाचनालयाच्या दारावर पहाऱ्याची यादी लागली. ठरावाच्या बाजूने मत देणाऱ्या प्रत्येकाला चार तास पहारा होता. गुरुवारी चार ते आठ या वेळेसमोर वाइओसचे नाव होते. आपले नाव कुठल्याही यादीत पाहून त्याला इतका आनंद कधी झाला नव्हता.

गुरुवारी तो तिपाई न घेता, रिकाम्या हातांनी, आंदोलक म्हणून आत शिरला आणि दारातच थबकला.

वाचनालय भरले होते. परीक्षा पंधरा दिवसांवर आल्या होत्या आणि ताबा घेतलेल्या इमारतीत दुसरे करण्यासारखे काही नव्हते. म्हणून मुले मुकाट अभ्यासाला बसली होती. खिडक्यांतून येणारे उतरते ऊन टेबलांवर पडले होते. खुर्च्या कमी पडल्यामुळे काही जण जिन्यावर बसले होते. पुस्तके देण्याच्या टेबलाशी एक मुलगा साध्या वहीत नावे लिहून घेत होता आणि घेणाऱ्याला बजावत होता, "सोमवारी परत. कोपरे दुमडायचे नाहीत."

वाइओसने आसिमिनाला कोपऱ्यात गाठले आणि सगळे सांगितले. सहीचे, जूनचे, पोस्टातल्या आजोबांचेही.

"आधी का नाही बोललास, गाढवा?"

"तू ठराव दाखवत होतीस."

आसिमिनाने आंदोलनाच्या समितीची बैठक बोलावली. समितीत तीन गट होते, आणि बैठक पुस्तकांच्या कपाटांमध्ये कुजबुजत घ्यावी लागली, कारण कुणी जरा आवाज चढवला की टेबलांवरून "शू!" येत होते. एक गट म्हणाला, आमचा फलक दिसला पाहिजे. दुसरा म्हणाला, फलक दिसला तर आमचाही दिसला पाहिजे. तिसऱ्याचे म्हणणे होते की कुणीही हसता कामा नये.

"फलक दिसला तर बाई घेणारच नाहीत," वाइओस कुजबुजला. "मग दाखवून उपयोग काय?"

"ठीक आहे, फलक नको," आसिमिना म्हणाली. "पण एक अट. व्हिडिओवर वेळ लिहायची. खरी. किती वाजता काढला ते."

मत घेतले. ठराव एकमताने मंजूर झाला. त्या विद्यापीठात असे कधी झाल्याचे कुणाला आठवत नव्हते.

वाइओसने मोबाइलवर चित्रण केले. आधी माणसे, मग खिडक्या. जिन्यावरची एक लाजरी मुलगी शेवटी बोलली, "घरी आम्ही पाचजण दोन खोल्यांत राहतो. मला इथे शांत वाटतं." खाली त्याने अक्षरे टाकली: संध्याकाळ, सहा चाळीस.

शुक्रवारी सकाळी आठला बाईंनी तो पाहिला. एकदा पाहिला, मग पुन्हा पाहिला.

"छान आहे रे. फारच छान. पण वाचनालय तीनला बंद होतं. हे सहा चाळीस काय?"

चूक झाली, बदलतो, असे म्हणता आले असते. अक्षरे पुसायला अर्धे मिनिट लागले असते. वाइओसने तोंड उघडले आणि साखळीपासून पहाऱ्यापर्यंत सारे सांगून टाकले, स्वतःच्या हातासकट.

बाईंनी चष्मा काढला. "आणि पुस्तकं?"

"एकही हरवलं नाही. उलट दोन जुनी परत आली. एक तर आठ वर्षांपूर्वी नेलेलं."

"आणि यात कुलगुरू कुठे आहेत?"

"त्यांना आत सोडत नव्हते, बाई."

बाईंच्या नाकातून एक आवाज आला. तो हसण्याचा होता की नाही, हे त्याला कळले नाही. "सहीचं सोमवारी बघू," एवढेच म्हणून त्या सभागृहाकडे निघाल्या.

व्हिडिओ संपल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. लारिसाहून आलेल्या एका आईने हात वर केला. "मुलं संध्याकाळी इतका अभ्यास करतात? छानच! कितीपर्यंत उघडं असतं हो वाचनालय?"

व्यासपीठावरच्या उपकुलगुरूंनी कॅलिरोईबाईंकडे पाहिले. बाई छताकडे बघत होत्या.

"नऊपर्यंत," उपकुलगुरू म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "म्हणजे, या महिन्यापासून."

"लेखी मिळेल का?" मागून आसिमिनाने खणखणीत आवाजात विचारले. तीनशे माना वळल्या. शनिवारी दुपारी लेखी मिळाले आणि साखळी पुन्हा मोपेडला गेली.

सोमवारी वाइओस कार्यालयात आला. बाई त्याचाच अर्ज भरत होत्या. "प्रशिक्षणार्थीने स्वतःहून काय केले?" या रकान्यात त्या बराच वेळ लिहीत होत्या. मग कागद त्याच्याकडे वळवला. तिथे लिहिले होते: "इमारत बंद असतानाही नेमून दिलेले काम उत्तम रीतीने पूर्ण केले. इमारत बंद करण्यातही सहभाग होता."

"बाई, दुसरं वाक्य..."

"काय झालं त्याला?"

"नोकरीच्या ठिकाणी वाचतील हो."

"वाचू देत. खोटं आहे का?"

"नाही."

"सही हवी ना? मग दोन्ही वाक्यं राहतील."

वाइओसने मान डोलावली. बाईंनी सही केली, शिक्का मारला, आणि तो नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला. खाली अर्ज जमा करायची नोंदणीची खिडकी एक वाजता बंद व्हायची आणि पावणेएक झाला होता. शाई वाळायची वाट न पाहता, कागद दोन बोटांत धरून वाइओस जिन्यावरून पळत सुटला.