बंद करायच्या सवयी

रोह्याच्या कंपनीत मी लॅबमध्ये होते. एका गुरुवारी कॅन्टीनमधली टेबलं सरकवून आम्हाला ओळीने बसवलं. पुण्याहून ट्रेनर आले होते. प्रत्येकाला एक कागद मिळाला: डावीकडे ‘सुरू करायच्या सवयी’, उजवीकडे ‘बंद करायच्या सवयी’. शेजारच्याने लगेच गुटखा लिहिला. मी डावीकडे ‘रोज चालणे’ लिहिलं आणि उजवी बाजू कोरीच ठेवली.

शनिवारी कागद परत आला. उजवीकडे आमच्या साहेबांनी लाल पेनाने लिहिलं होतं: ‘उलट बोलणे. प्रत्येक गोष्टीत खोट काढणे.’ खाली माझ्या सहीसाठी रेघ.

वर्षभर मी एकच गोष्ट सांगत होते, प्लांटमधले गॉगल बदला. काचा इतक्या ओरखडलेल्या की माणसं ते कपाळावर सरकवून ॲसिडचे ड्रम भरायची.

“साहेब, हे काय?”

“मॅडम, तुमच्या भल्यासाठीच आहे. सही करा, फाइलला लावायचंय.”

सही न करता कागद पर्समध्ये कोंबला. रामवाडीला घरी आल्यावर नवऱ्याला दाखवला, तर तो हसला. “खोटं काय लिहिलंय? घरी वेगळं काय करतेस?” त्याच्यापुढे ताट आपटलं आणि न जेवता झोपले.

रविवारी हमरापूरला आईकडे गेले. ती गणपतीच्या कारखान्यात रंगकाम करते. मूर्तीच्या सोवळ्याला पिवळा रंग देता देता तिने मला कागद मोठ्याने वाचायला लावला.

“तू आन उलट बोलणारी? शाळेत पाय मुरगाळला तरी बाईंना सांगितलं नाय. लंगडत घरी आलीस तेव्हा मला कळलं. ही सवय कधी लागली गो तुला?”

मग मी कुणालाच न सांगितलेलं तिला सांगितलं. दोन वर्षांपूर्वी, माझी नोकरी पक्की व्हायची होती तेव्हा, खाडीकडच्या गावातला एक कामगार मला म्हणाला होता, “ताई, या गॉगलातनं कायच दिसत नाय. साहेबांना बोला ना.” त्याच्या घरचे मिठागरात राबणारे, कंपनीत लागलेला तो पहिलाच. मी ‘बोलते’ म्हटलं आणि बोलले नाही. नवीन माणसाने कशाला तोंड उघडायचं? तिसऱ्या आठवड्यात त्याच्या डाव्या डोळ्यात ॲसिड उडालं. डोळा गेला. दवाखान्यात त्याने विचारलं, “तुमी साहेबांना बोलला होतात ना, ताई?”

मी ‘हो’ म्हटलं.

त्यानंतर मी बोलायला शिकले. सुरुवातीला साहेबांच्या केबिनबाहेर उभी राहायचे, दर वेळी वाक्य मनात चार वेळा घोकून आत जायचे. एवढ्या कष्टाने लावून घेतलेली एकुलती एक सवय, आणि हा माणूस ती लाल पेनाने बंद करायला निघाला होता!

आईने ब्रश पाण्यात बुडवला. “मग? सही करणार हायस?”

सोमवारी मी साहेबांसमोर त्यांची ओळ खोडली. खाली लिहिलं, ‘दिसत असून गप्प बसणे’, आणि सही केली.

“हे फाइलला लावता येणार नाही,” ते म्हणाले.

“नका लावू. मी झेरॉक्स काढते. तीच वरच्या ऑफिसला पाठवते.”

पाठवलीही, सोबत गॉगलची तक्रार जोडून. महिन्याभरात मला लॅबमधून काढून डिस्पॅचला बसवलं. तिथे दिवसभर माल पाठवायच्या चलनांवर शिक्के मारायचे. त्यानंतर प्लांटमध्ये नवीन गॉगल आले. कुणामुळे आले ते कुणीच बोललं नाही. साहेब अजून तिथेच आहेत, समोर आले की नमस्कार करतात. मी करत नाही.

गेल्या महिन्यात मी त्या कामगाराच्या घरी गेले. ओटीवर बसून खरं सांगितलं, की तेव्हा मी साहेबांना बोलले नव्हते, दवाखान्यात खोटं बोलले. त्याची बायको चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

तो म्हणाला, “आज कशाला सांगता? तुमचं मन हलकं करायला?”

तो उठून आत गेला. बायकोने कप माझ्याजवळ ठेवला आणि तीही गेली. मी चहा तसाच ठेवून बांधावरून चालत स्टॉपवर आले.