तीन रुग्णांच्या नावाआधीचं एचएचई

माझ्या थोरल्या बहिणीला घरी ताई म्हणतात आणि आमच्या हॉस्पिटलात एक्स्चेंज. तेवीस वर्षं तिथले फोन तिनेच जोडले. दोनशे खोल्यांचे नंबर तिला तोंडपाठ, आणि कुठला डॉक्टर कितव्या घंटीला फोन उचलतो हेही. ताईला दिसत नाही. नवव्या वर्षी तापात नजर गेली. तिच्याविषयी सांगायला बसलं की लोक आधी एवढंच विचारतात, आणि माझं डोकं फिरतं. अहो, ती भांडखोर आहे, चहात कणभर साखर जास्त झाली तर कप परत पाठवते, हेही विचारा की.

मी त्याच हॉस्पिटलात रिपोर्टच्या खिडकीवर बसते. त्यामुळे पुढचं सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

यंदा जुनं टेलिफोन एक्स्चेंज काढून टाकलं. आता रुग्णाचा फोन आला की कॉम्प्युटरवर वेब पान उघडायचं, नाव, डॉक्टर, वेळ भरायची. मोठे साहेब ताईला प्रेमाने म्हणाले, की तिने आता चादरींच्या खोलीत बसावं, घड्या कराव्यात, पगार तोच राहील. ताईच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "मला खुर्ची नको, काम हवंय," ती म्हणाली. बराच वाद होऊन ठरलं, की सोमवारी नऊ ते बारा तिने फोन घ्यायचे. जमलं तर जागा तिची, नाही तर चादरी.

महिनाभर तिने घरी सराव केला. तिच्या कॉम्प्युटरवर पान वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर आहे. तो इतक्या भरभर बोलतो, की मला फक्त ताटात वाटाणे सांडल्याचा आवाज येतो. माउसला ती हातही लावत नाही. एच दाबला की पुढच्या शीर्षकावर, बी दाबला की बटणावर, ई दाबला की लिहायच्या चौकटीवर. मी माउस घेऊन बाण शोधत असते, तोवर बाईसाहेब पान संपवून मोकळ्या. मला भारी राग यायचा, आणि त्याहून जास्त अभिमान वाटायचा.

सोमवारी ती पावणेनऊलाच जागेवर बसली. एका कानात फोन, दुसऱ्या कानात स्क्रीन रीडर. कॉम्प्युटरचा पडदा तिने बंदच ठेवला, कारण तिला त्याचा उपयोग नाही. कॉम्प्युटरवाला धावत आला, त्याला वाटलं मशीनच सुरू नाही. मग हसून म्हणाला, की ताईंना त्रास नको म्हणून त्याने सेटिंगमध्ये सगळं आपोआप करून ठेवलंय, मधले टिकटिक आवाजही बंद केलेत. ताई त्याला धन्यवाद म्हणाली. माझ्या मते घोटाळा तिथेच झाला.

नऊला घंटी वाजली आणि तिची बोटं सुटली. एच एच ई, नाव, वेळ, झालं. दुसरा फोन, तिसरा फोन. मी खिडकीतून बघत होते. साहेब हाताची घडी घालून तिच्या मागे उभे.

साडेनऊला दातांच्या विभागातली नर्स यादी घेऊन आली. तिने सरळ विचारलं, की हे तिघं एकाच घरातले का, तिघांच्याही नावाआधी एचएचई कसं काय. आजूबाजूचे हसले. साहेब हसले नाहीत. ते हळूच म्हणाले, की प्रयत्न केलात हेच खूप झालं.

ताईने एकदा एच दाबला आणि कान दिला. पुढचं शीर्षक वाचलंच गेलं नाही. तिच्या चेहऱ्यावर लख्ख उजेड पडला.

"साहेब, पाच मिनिटं द्या," ती म्हणाली. "चूक माझी आहे. बसायच्या आधी मी सेटिंग तपासायला हवी होती, आणि फोनच्या घाईत कान पण दिला नाही."

मग तिने सगळ्यांना समजावलं. पानावर फिरताना अक्षरं म्हणजे तिचे पाय, आणि चौकटीत शिरल्यावर तीच अक्षरं म्हणजे लेखणी. कधी चालायचं आणि कधी लिहायचं हे घरी ती स्वतः ठरवते. इथे नवं पान उघडलं की मशीन तिला आपोआप नावाच्या चौकटीत नेऊन बसवत होतं. ती चालायला गेली आणि लिहीत सुटली. बदल झाल्याचा टिकटिक आवाजही बंद, मग कळणार कसं?

बोलता बोलता तिने सेटिंग उघडली, आपोआपची खूण काढली, आवाजाची खूण परत लावली. तीन नावं दुरुस्त केली. घड्याळात चार मिनिटं झाली होती.

आणि मग काय सांगू तुम्हाला! टिक, चाल, टिक, लिही. फोन खाली ठेवायच्या आत वेळ पक्की. कॉम्प्युटरवाला तर स्टूल ओढून बसला आणि कुठलं बटण कशासाठी ते विचारत राहिला. मी दोन रिपोर्ट चुकीच्या माणसांना दिले, मग धावत जाऊन परत घेतले. अकरा वाजले तेव्हा नर्स म्हणाली, की यादी इतकी नीट आजवर आलीच नव्हती.

साहेब मधेच कुठे गेले ते कुणाच्या लक्षात आलं नाही. बाराला दहा मिनिटं होती, तेव्हा एक फोन आला. पलीकडचं सगळं ताईने मला नंतर सांगितलं. माणूस घोगऱ्या आवाजात म्हणाला, दात दुखतोय, लवकरची वेळ हवी, नाव लिहा. त्याने भलंमोठं आडनाव सांगितलं, तेही घाईघाईने. ताईची बोटं पळाली, मग थांबली. तिने नाव एकेक अक्षर करत मशीनकडून ऐकलं.

"गुरुवारी साडेदहा," ती म्हणाली. "नाव मी दोनदा तपासलंय. आडनाव खोटं आहे, पण तुम्ही सांगितलंत तसंच लिहिलंय, साहेब. तेवीस वर्षं तुमचा आवाज जोडतेय मी."

पलीकडून साहेबांचा नेहमीचा आवाज आला.

"बाराला उठू नका," ते म्हणाले. "जेवून आलात की परत तिथेच बसा. आणि तो दात खरंच दुखतोय, माझं खरं नाव लिहा."

ताईने एच दाबला, मग ई, आणि खोटं आडनाव खोडून खरं लिहायला घेतलं.