ओलं फडकं

जावई म्हणजे दहावा ग्रह, असं म्हणतात. सासऱ्यासाठी म्हणत असतील. आमच्या घरात तो ग्रह माझ्या राशीला आला.

अक्काचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, गडहिंग्लजचे. तिथं त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. कामाला वाघ, बोलायला गोड, आणि 'मामा, मामा' करत आमच्या आबांना असं खिशात घालतात की बघत राहावं. मी बघत राहायचो आणि जळायचो. खोटं कशाला बोलू?

आबांची गाडी या घरात माझ्या आधी आली. तिचा मान माझ्यापेक्षा मोठा, हे मी लहानपणीच कबूल करून टाकलं होतं. उन्हाळ्यात तिचं एक दुखणं असायचं. इंजिनाला चिकटलेला पेट्रोलपंप तापला की आतल्या पेट्रोलची वाफ व्हायची आणि बाई भर रस्त्यात बसायच्या. मग आबा समोर बघतच म्हणायचे, "फडकं." मी डॅशबोर्डखालच्या कप्प्यात हात घालून फडकं काढायचो, पाण्यात भिजवायचो आणि बॉनेट उघडून पंपावर टाकायचो. चर्र व्हायचं. जरा थांबून आबा चावी फिरवायचे आणि गाडी चालू झाली की माझ्याकडं बघून एकदा मान हलवायचे. तोंडानं शाबासकी देणाऱ्यातले आबा नव्हेत. ती एक मान मला महिनाभर पुरायची.

शाळेत असल्यापासून हे खातं माझं. पुढं मी कापडाचं दुकान टाकलं तेव्हा नव्या ताग्यातला मांजरपाट पहिल्यांदा फाडला तो या फडक्यासाठी.

गेल्या उन्हाळ्यात दाजी आले होते. गाडी बसली, मी फडकं टाकलं, थोडं पुढं जाऊन पुन्हा बसली. दाजी हसले. "मामा, तापल्याल्या पोरागत हिच्या डोक्यावर किती दिवस पट्ट्या ठेवणार? इलेक्ट्रिक पंप बसवूया की!"

"बसवूया की!" आबा म्हणाले.

हीच गोष्ट मी सुचवली होती तेव्हा मला उत्तर मिळालं होतं, "गप बस, लई शहाणा हाईस." आता जावयाच्या तोंडून आली तर लगेच सोन्याची झाली.

रविवारी मंगळवार पेठेत आमच्या दारातच काम काढलं. दाजी पोतं अंथरून गाडीखाली शिरले. जुना पंप काढून त्या भोकावर पत्रा ठोकला. नवा पंप मागं टाकीजवळ, गारव्याला, खाली रबर देऊन बसवला. मग बॅटरीपासून वायर, मध्ये फ्यूज, मग रिले. चावी फिरवली की रिले कट् करणार आणि पंपाला करंट जाणार, असं ते आबांना समजावून सांगत होते. मी एक वायर सोलायला घेतली, तर म्हणाले, "पावणं, तुम्ही निस्ती ही हातबॅटरी धरा." धरली. गुडघे दुखतात म्हणून देवासमोरही न वाकणारे आमचे आबा गाडीखाली वाकून वाकून जावयाला पाने-पक्कड देत होते, आणि मी त्यांच्यावर उजेड पाडत होतो!

चावी फिरवली. मागून टकटक टकटक आवाज आला, पेट्रोल पुढं भरलं तसा तो मंदावला, आणि पहिल्याच सेल्फला इंजिन लागलं.

"वा रं माझ्या वाघा!" आबांनी दाजींच्या पाठीवर थाप मारली. मला या जन्मात कुणी वाघ सोडा, बोकासुद्धा म्हटलेलं नाही. वर दाजींनी माझं फडकं दोन बोटांत उचललं. "ह्याला आता रिटायर करा." सगळे खो खो हसले, आईसुद्धा. मी फडकं हिसकावून कप्प्यात कोंबलं, झाकण आपटलं आणि चहाच्या गाड्यावर जाऊन बसलो. परत आलो तेव्हा दाजी अजून डॅशबोर्डखाली काहीतरी खुडबुडत होते. मी विचारलं नाही. त्या दिवसापासून गाडीला हात लावला नाही, स्कूटरवरच फिरलो.

पुढं आबांच्या डोळ्याचं ऑपरेशन ठरलं. सकाळी आई त्यांना रिक्षानं राजारामपुरीतल्या दवाखान्यात घेऊन गेली. जाताना आबा मला म्हणाले, "दुपारी गाडी घेऊन ये. पट्टी बांधून मी रिक्षात बसायचो न्हाय." मला काय आनंद झाला! डोळ्याला पट्टी, दाजी गडहिंग्लजला. आता गाडीही माझी आणि आबाही माझे.

गाडी चालू झाली आणि गल्लीच्या तोंडाशी जाऊन गप्प पडली. कान दिला तर मागची टकटक नव्हती. फ्यूज बघितला, ठीक होता. रिले दाबून बघितला, वायरी हलवल्या, बॅटरीची टोकं घासली, टाकीचं झाकणसुद्धा उघडून बघितलं. आईचा फोन आला, "आबा कधीचे बाहेर येऊन बसल्यात. निघालास न्हवं?" म्हटलं, "आलोच." आभाळ कोसळलं तरी दाजींना विचारायचं नाही असं ठरवलं होतं. शेवटी फोन लावला.

"दाजी, बोंबलला की तुमचा पंप!"

"चोरबटन दाबलं न्हवं?"

"कसलं चोरबटन?"

दाजी हळू आवाजात म्हणाले, "पावणं, फडक्याच्या कप्प्यात हात घाला. पंपाची वायर तिथल्या बटनातनं नेलीया. चोरानं गाडी काढलीच, तर पुढं उरलेल्या पेट्रोलवर जाणार आणि गल्लीच्या तोंडाला बसणार. मी मामांस्नी म्हटलं हुतं, पावण्यांना सांगून ठेवा. तर म्हणले, त्याला कशाला सांगायचं? गाडी बसली की माझ्या पोराचा हात पहिला त्या कप्प्यात जातोय. बटन तितंच बसव. मटणाची पैज लावली की माझ्यासंगं."

कप्पा उघडला. मी कोंबलेलं फडकं अजून तिथंच, वाळून पापड झालेलं. त्याच्याखाली बटन. दाबलं, मागं टकटक सुरू झाली. इतका वेळ माझा हात सगळीकडं गेला होता, तेवढा एक कप्पा सोडून.

दवाखान्याच्या दारात आबा एका डोळ्यावर पट्टी बांधून बसले होते. उशीर का झाला, विचारलं नाही. गाडीत बसता बसता म्हणाले, "दाजीचा फोन आलता. म्हणला, हरलो मामा, गाडी बसल्याबरोबर पावण्यांनी कप्प्यात हात घातला आणि बटन घावलं म्हणून मला फोन केला." आणि उघड्या डोळ्यानं माझ्याकडं बघून त्यांनी एकदा मान हलवली.

मी गिअर टाकला.

रविवारी दाजी मटण घेऊन आले. आबा अख्ख्या घराला पैजेची गोष्ट सांगत होते, आणि दाजी माझ्या वाटीत रस्सा ओतत होते. "घ्या की पावणं, तुम्ही जिंकलाय." चेहऱ्यावर रेषसुद्धा हलली नाही त्यांच्या. आजतागायत कुणाजवळ बोलले नाहीत, अक्काजवळसुद्धा नाही. माणूस जरा तरी हलकट असता, तर मला सुखानं जळता तरी आलं असतं.