सात कलमं आणि खिडकीबाहेरचे याकोबभाऊ

आमच्या मंडळीतले किस्से घरातल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांसारखे साठत जातात. एक ओढायला जावं तर मागून दहा बाहेर येतात! चहाला चार माणसं जमली, की कुणीतरी म्हणतंच, "मास्तर, ते गयाबाईचं सांगा." मग मी सुटतो. आज तुमच्यासमोर सुटलोय.

आमची मंडळी, म्हणजे आमचं चर्च, केडगावला, पुणे रोडपासून जरा आत. खाली हॉल, वर गच्ची, खिडकीबाहेर एक कडुनिंब. रविवारी साठ-सत्तर माणसं जमतात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर, त्यामुळे बाप्तिस्म्याचा वर्ग आपोआप माझ्या गळ्यात पडला. हॉलच्या भिंतीवर आमच्या विश्वासाची सात कलमं पेंटरकडून निळ्या रंगात लिहून घेतलीत. शास्त्र हे देवाचं वचन, हे पहिलं. येशू परत येणार, हे सातवं. ज्याला पाण्यात उतरायचंय त्यानं सात रविवार माझ्यापुढं बसायचं, एका रविवारी एक कलम. ऐकायला सोपं वाटतं ना? एकदा शिकवून बघा!

*

सुरुवात माझ्याच फजितीपासून करतो.

आमच्याकडे छापील प्रार्थना नसते. विश्वास ठेवणारा प्रत्येक माणूस देवाशी थेट बोलू शकतो, मध्ये कुणी लागत नाही, हे आमचं कलमच आहे. मी नवा होतो तेव्हा पास्टरनी भर सभेत सांगितलं, "मास्तर, आज प्रार्थना तुम्ही करा."

आता माझं अर्धं आयुष्य गटशिक्षणाधिकाऱ्यांना अर्ज लिहिण्यात गेलेलं. उभा राहिलो, डोळे मिटले आणि तोंडातून शब्द निघाला, "महोदय!" निघाला तो निघालाच. मग 'वरील विषयास अनुसरून' झालं, गावात पाऊस नसल्याचं 'आपल्या निदर्शनास आणून' दिलं, आणि शेवटी 'तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही नम्र विनंती' इथं येऊन थांबलो. हसू दाबता दाबता आमेन म्हणायला कुणाकडं श्वास उरला नव्हता.

पास्टर मात्र हसले नाहीत. नंतर हळूच म्हणाले, "मास्तर, अर्ज पोचला. पुढच्या वेळी बापाशी बोलतो तसं बोला."

*

आता गयाबाई. पाथर्डीकडच्या. तरुणपणी ऊस तोडला, आता लेकाकडं केडगावला असतात. गुडघे कामातून गेलेत, पण दर रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन हॉल झाडतात. सभेनंतरचा चहाही त्याच करतात, मागच्या खोलीतल्या गॅसवर.

वर्गात चौथं कलम चाललं होतं. तारण कृपेनं मिळतं, आपल्या कर्मांनी नाही. मी फळ्यावर रेघ मारून समजावत होतो, की तुम्ही कितीही केलंत तरी ते कमावता येत नाही, ते फुकट मिळालेलं दान आहे.

गयाबाईंनी विचारलं, "म्हंजे मी कायबी करायचं न्हाई?"

मी म्हणालो, "काहीही नाही."

"मंग हाल कोन झाडनार?"

पुस्तकात याचं उत्तर होतं, पण ऐन वेळी आठवेना. पुढच्या रविवारी गयाबाई येतील की नाही, अशी मला खरंच धास्ती वाटली. सकाळी लवकर जाऊन बघतो तर बाई नेहमीसारख्या खराटा घेऊन वाकलेल्या. मला बघून म्हणाल्या, "तारनासाटी न्हाई झाडत, मास्तर. कचरा पडलाय म्हनून झाडते."

पास्टरनी या एका वाक्यावर पुढचे दोन रविवार उपदेश केला.

*

याच गयाबाईंचा बाप्तिस्मा झाला तो मंडळीतल्या एका शेतकऱ्याच्या शेततळ्यात. आमच्यात डोक्यावर पाणी शिंपडत नाहीत. समजत्या वयात, स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करून, अख्खं पाण्याखाली जायचं. पास्टरनी गयाबाईंना धरलं, बुडवलं, वर काढलं. काठावर टाळ्या! गाणं सुरू! आणि बाई काही बाहेर यायला तयार होईनात. एका हातानं केस चाचपत होत्या.

"बुचडा कोरडा ऱ्हायला. आनखी एकदा घाला."

पास्टरनी समजावलं, की बाई, पाण्यानं माणूस वाचत नाही, हे नुसतं बाहेरचं चिन्ह आहे. खरं काम आत आधीच झालंय.

गयाबाई छातीएवढ्या पाण्यात उभ्या राहून म्हणाल्या, "आसं हुतं तर टेम्पोनं एवढ्या लांब कशाला आनलं?"

पास्टरनी निमूटपणे दुसऱ्यांदा बुडवलं.

*

आणि आता याकोबभाऊ. हा माणूस आमच्या मंडळीत नाही, पण त्याच्याशिवाय आमची एक सभा झालेली नाही!

याकोबभाऊ नागापूरच्या एमआयडीसीत फिटर. बायको सुनंदावहिनी आमच्या मंडळीतल्या. भाऊ दर रविवारी त्यांना बाइकवर घेऊन येतात, दारात सोडतात आणि खिडकीबाहेर कडुनिंबाखाली बाइकवर बसून राहतात. पायात कंपनीचे सेफ्टी बूट, रविवारीसुद्धा. अकरा वर्षं झाली, पण उंबरा ओलांडला नाही. ऐकतात मात्र सगळं. गाण्याची चाल चुकली की बाहेरून हॉर्न वाजतो!

एकदा सुनंदावहिनी साक्ष द्यायला उभ्या राहिल्या. येशूवर विश्वास ठेवला की माणूस नवा होतो, म्हणून आपल्यात काय बदललं ते मंडळीपुढं सांगायचं, अशी आमची रीत. वहिनी सांगत होत्या, "मी पहिली लई रागीट होते. आता माझा राग पार गेला."

खिडकीतून आवाज आला, "कधी?"

वहिनींनी खिडकीकडं अशा नजरेनं बघितलं, की साक्षीचं पुढं काय करायचं ते पास्टरना कळेना. शेवटी त्यांनी गाणं सांगितलं.

*

हसण्यावारी नेलं, तरी यात एक दुखरी जागा होती. भाऊंचे आजोबा जुन्या मिशनच्या देवळातले उपदेशक. त्यांनीच भाऊंचा तान्हेपणी, कपाळावर पाणी लावून बाप्तिस्मा केलेला. आमचं पाचवं कलम सांगतं, की बाप्तिस्मा विश्वास ठेवल्यानंतरच. मी एकदा मोठ्या उत्साहात कडुनिंबाखाली जाऊन भाऊंना हे समजावलं. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "म्हंजे माझ्या आजोबांनी माझ्या डोक्यावर नुसतं पानी लावलं, व्हय मास्तर?"

मला फार वाईट वाटलं. नंतर मी तो विषय त्यांच्यापुढं काढला नाही.

इकडे सुनंदावहिनींनी वर्ग दोनदा पूर्ण केला होता. दोन्ही वेळा बाप्तिस्म्याच्या यादीतून ऐन वेळी नाव काढलं. हे काठावर उभे राहून बघणार असतील तरच उतरेन, हा त्यांचा हट्ट. पास्टरनी सांगितलं, की विश्वास ज्याचा त्याचा असतो, त्याला नवऱ्याची हजेरी लागत नाही.

वहिनी म्हणाल्या, "मला ठावं हाय. मास्तरांच्या पेपरात हाच प्रश्न हुता, मी बरोबर लिवलाय. पन हे आल्याबिगर न्हाई."

यंदा त्यांनी तिसऱ्यांदा नाव दिलं. कारण भाऊंना विचारल्यावर या वेळी ते 'नाही' म्हणाले नव्हते. 'बघू' म्हणाले होते. तेवढ्यावर वहिनी आठवडाभर आनंदात होत्या!

*

त्याच वर्गात सातवं कलम घ्यायला पास्टर स्वतः आले. येशू परत येईल तेव्हा त्याचे लोक एका क्षणात उचलले जातील, जे राहिले ते राहिले, असं त्यांनी सांगितलं. गयाबाईंचा वर्ग कधीच संपला होता, तरी त्या चहाच्या निमित्तानं दारात उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "चपला घालून जायचं का आनवानी?"

सगळे हसले. पास्टरही हसले. म्हणाले, "चपला इथंच राहतील, गयाबाई. आत्ता दारात आहेत तशाच. मोबाईल, चष्मे, सगळं जागच्या जागी. फक्त माणसं नसतील."

बाहेर भाऊ बाइकची किक मारत होते. त्यांनी किक मारायची थांबवली, एवढं मला खिडकीतून दिसलं.

*

आता शेवटचा.

एप्रिलचा रविवार. सकाळची सभा आणि दुपारी शेततळ्यावर बाप्तिस्मे, असं ठरलेलं. सभेच्या आधीच शेतकऱ्याचा फोन आला, की तळं तळाला गेलंय. पास्टर म्हणाले, पुढं ढकलायचं नाही! मंडळीसाठी घेतलेली नवीकोरी मोठी काळी टाकी गच्चीवर प्लंबरची वाट बघत पडली होती. आम्ही करवत आणली आणि तिचं तोंड कापून काढलं. पाण्याचा टँकर बोलावला, खालून पाइप टाकला, चढायला एक स्टूल बाहेर आणि एक आत! आडवं होण्याइतकी जागा नव्हती, म्हणून खाली बसून बुडायचं ठरलं. दोन गाणी झाली आणि अख्खी मंडळी मागच्या जिन्यानं गच्चीवर. चपला पुढच्या दारात, तशाच.

याकोबभाऊंना यातलं काहीच माहीत नव्हतं. वाटेत बाइक पंक्चर झाली, तेव्हा त्यांनी वहिनींना रिक्षात बसवून पुढं पाठवलं होतं.

वर पाच जणांचे बाप्तिस्मे झाले. शेवटी सुनंदावहिनी टाकीत उतरल्या. पास्टरनी हात पुढं केला, तर त्या जिन्याकडं बघत म्हणाल्या, "थोडं थांबा." पास्टर ओळखून होते. त्यांनी सगळ्यांना डोळे मिटून मनातल्या मनात प्रार्थना करायला सांगितलं. पाय भाजत होते, पण कुणी हूं की चूं केलं नाही.

नेमके त्याच वेळी भाऊ खाली पोचले. खालचं काय ते थोडं गयाबाईंनी आणि थोडं भाऊंनी नंतर सांगितलं. गुडघ्यांमुळे त्या गच्चीवर न जाता मागच्या खोलीत चहाजवळ थांबल्या होत्या.

कडुनिंबाखाली बाइक लावून भाऊ बसले. आतून आवाज येईना. खिडकीतून डोकावले. पंखे फिरताहेत. बाजाची पेटी उघडी. सतरंजीवर बायबलं, चष्मे, एक रुमाल. माणूस एकही नाही! दारात गेले. साठ-सत्तर जोड चपला, आणि त्यात वहिनींच्या तपकिरी पट्ट्याच्या. भाऊंनी बायकोला फोन लावला. रिंग हॉलमध्ये, सतरंजीवरच्या पर्समधून वाजायला लागली.

अकरा वर्षांत पहिल्यांदा याकोबभाऊ उंबरा ओलांडून आत आले, बूट घालूनच. हॉलच्या मधोमध उभे राहिले. तेवढ्यात पडदा सरकवून गयाबाई कपांचा ट्रे घेऊन बाहेर आल्या. भाऊंनी त्यांच्याकडं बघितलं.

"गयाबाई, तुमीबी राहिल्या?"

"व्हय. चहा कोन बघनार?"

भाऊंनी सतरंजीवरची वहिनींची पर्स उचलली. विचारलं, "सुनंदा गेली?"

"गेली की. सगळ्यांच्या शेवटाला. सारखी दाराकडं बघत हुती. तुमचीच वाट बघत हुती."

भाऊंनी पर्स छातीशी धरली आणि धाय मोकलून रडायला लागले. अकरा वर्षं मी बाहेर बसलो, एवढंच परत परत म्हणत राहिले. गयाबाईंना काही उमगेना. बायकोचा बाप्तिस्मा म्हणून कुणी एवढं रडतं का, असं त्यांना वाटलं.

"रडता कशाला? मागं जिना हाय. जा की."

वर आम्हाला फक्त बुटांचा आवाज आला, जिन्यावरून धाडधाड वर येणारा. सगळ्यांनी डोळे उघडले. याकोबभाऊ दारात उभे. चेहरा ओला, काखेत बायकोची पर्स. त्यांनी एकदा सगळी गच्ची बघितली, मग टाकी बघितली, मग टाकीतल्या वहिनी. पर्स माझ्या हातात कोंबली, स्टुलावर चढले आणि बुटांसकट, खिशातल्या मोबाईलसकट पाण्यात उतरले! टाकी चारी बाजूंनी ओसंडली. आमचे भाजलेले पाय एकदम गार झाले.

पास्टर गोंधळले. म्हणाले, "याकोबभाऊ, तुमचा वर्ग झालेला नाही."

"माझा बाप्तिस्मा झालाय, पास्टर. आजोबांनी केलाय. मी हिचा हात धराया आलोय."

वहिनींनी पाण्यात खाली बघितलं. नवऱ्याचे सेफ्टी बूट दिसत होते. त्यांनी हात दिला, आणि पास्टरना म्हणाल्या, "हं. आता करा."