बॅटरीचं झाकण

“कॅमेरा बघून लोक फोटोग्राफरला खुर्ची देतात का न्हाई, ते सांग आधी!” शरणप्पा ओरडले. हातातला भाकरीचा तुकडा त्यांनी ताटात टाकून दिला.

“मी खुर्चीवर बसून फोटो काढत न्हाई,” त्यांची बायको दानम्मा म्हणाली. “उभ्यानं काढते.”

“हे बघ. हे असं बोलणं हाय हिचं. तीन दिवस झाले, ह्या घरात एक गोष्ट सरळ ठरंना.”

“आई, तू समजून घे ना जरा,” सोमेश मध्ये पडला. “नांदेडचे पोरं लग्नाला काय काय घेऊन येतात, तुला माहीत न्हाई. मागच्या लग्नात नवरदेवाच्या मामानं आपल्या कॅमेऱ्याकडं बघितलं अन् मला विचारलं, मेन फोटोग्राफर कधी येणारेत?”

सून वर्षाराणी तव्याकडे तोंड करून हसली. शरणप्पांनी तिच्या पाठीकडे रागाने पाहिलं.

भांडण उद्याच्या लातूरच्या फेरीचं होतं. घरच्या फोटोच्या दुकानातला कॅमेरा अकरा वर्षांचा झाला होता. त्याचं शटर कधी अर्ध्यात अडकायचं, फोटोचा खालचा भाग काळा यायचा. तुळशीची लग्नं लागली की सीझन सुरू, त्याआधी नवा घ्यायलाच हवा, यावर घरात एकमत होतं. कोणता, यावर नव्हतं.

सोमेशने मोबाईलवर मोठी बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा, पसंत करून ठेवली होती. साठवलेले सगळे पैसे तिच्यातच जाणार होते. बॅटऱ्या, कार्ड, फ्लॅश, चार्जर हा बाकीचा संसार लोकल कंपन्यांचा, मिळेल तो स्वस्तातला. जुना कॅमेरा त्याच दुकानात देऊन टाकायचा, म्हणजे थोडी सूटही मिळेल.

दानम्माला वापरलेली, लहान, पण शटर कमी चाललेली बॉडी हवी होती. एक चांगली लेन्स, ओरिजिनल दोन बॅटऱ्या, नावाजलेल्या कंपनीची दोन कार्डं. लोकलशी तिचं वैर नव्हतं. “फ्लॅश दुसऱ्या कंपनीचा घ्या, बॅग घ्या, स्टँड घ्या,” ती पुन्हा म्हणाली. “फ्लॅश बंद पडला तर खिडकी हाय, उजेड हाय. बॅटरी बंद पडल्यावर काय करता?”

“दुसरी टाकायची,” शरणप्पा म्हणाले.

“ती बी तसलीच.”

“हे बघ, दानम्मा.” शरणप्पांनी आवाज खाली आणला. तो खाली आला की दानम्माला जास्त भीती वाटायची. “आता कॅमेरा सोमेशच्या हातात राहील. तो लग्नं करील, लातूर-नांदेड फिरील. पासपोर्ट फोटो लोक मोबाईलवर काढून राहिलेत. दुकानात मोबाईलचे कव्हर, काचा ठेवू. वर्षा बसंल गल्ल्यावर. तू आराम कर.”

म्हणजे खरं बोलणं हे होतं. तीन दिवस कॅमेऱ्याच्या आडून ते येत होतं, आज समोर आलं. मोठा कॅमेरा सोमेशचा, जुना दुकानदाराचा, आणि दानम्माच्या हाती काही नाही.

“मी कुणाला म्हणाले, दमले म्हणून?” तिने विचारलं. शरणप्पांनी ताट बाजूला सारलं.

दानम्मा निलंग्याहून लग्न होऊन उदगीरला आली तेव्हा वीस वर्षांची होती. दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत सासरे फोटो धुवायचे. सासूच्या नजरेला पडू नये म्हणून ती तिथे चहा देण्याच्या निमित्ताने जाऊन उभी राहायची. एक दिवस सासऱ्यांनी चिमटा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “नुसतं उभं राहून बघण्यापेक्षा कागद हालव.” तिथून ती शिकली. शरणप्पांना माणसं जोडता यायची, फोटो यथातथाच. डोहाळजेवण, बारसं, ओटीभरण, जिथे पुरुष आत गेला की बायका पदर सावरत आखडून बसतात, तिथे दानम्माला बोलावणं यायचं. “हनुवटी खाली घे माय, अन् त्या नणंदेकडं बघू नको,” असं ती म्हणायची. बाई हसायची, आणि तेवढ्यात फोटो निघालेला असायचा.

वापरलेला कॅमेरा पारखायची तिची रीत होती. पांढऱ्या भिंतीचा फोटो काढायचा, डाग दिसतात का बघायचं. मग कॅमेरा कानाशी धरून शटर दाबायचं. लातूरचा दुकानदार म्हणायचा, “काकू, खरबूज न्हाई ते.” पण तिने नको म्हटलेला कॅमेरा तो तिला दुसऱ्यांदा दाखवत नसे.

आणि ती ग्रिप. ती गेल्या वर्षी शरणप्पांनी मागवली. कॅमेऱ्याच्या बुडाला लावायचा तो काळा ठोकळा. आत दोन बॅटऱ्या बसतात. पण बॅटऱ्यांसाठी कुणी आणली नव्हती. ती लावली की कॅमेरा दीडपट दिसायचा, म्हणून आणली होती. लावताना कॅमेऱ्याच्या बुडाचं बॅटरीचं झाकण काढावं लागतं. ते शरणप्पांनी काढलं, कुठेतरी ठेवलं. लोकल ग्रिप सैल बसायची. कॅमेरा उभा धरून जरा आवळला की बंद. दानम्मा वर्षभर म्हणत होती, “काढा ती.” शरणप्पा वर्षभर म्हणत होते, “काढल्यावर कॅमेरा उघडा दिसतो.”

दारात मोटरसायकल थांबली. चौकातल्या भुसार दुकानदार बसलिंगप्पांचा पुतण्या रुद्रेश आत आला. त्याने चपला काढल्या नाहीत, उंबऱ्यातच उभा राहिला.

“काका गेले, लिंगैक्य झाले,” तो म्हणाला. “बाराच्या सुमाराला. बसतं केलंय. चारला उचलायचंय.”

वर्षाराणीने तव्याखालचा गॅस बंद केला. बसलिंगप्पा ऐंशीच्या पुढचे, पण दसऱ्याला आपट्याची पानं द्यायला पायी आले होते.

“सोमेश, जा, कॅमेरा घे,” शरणप्पा हात धुवायला उठले.

“काकूनं दानम्माकाकूला बोलावलंय,” रुद्रेश म्हणाला. “दुसरं कुणी नको म्हणाली.”

दानम्मा उठली. दुकानात जाऊन तिने कॅमेरा घेतला, ग्रिपसकट. झाकण शोधायला वेळ नव्हता. साडेतीन वाजले होते.

बसलिंगप्पांच्या ओट्यावर गर्दी होती. लिंगायत घरांत गेलेल्या माणसाला निजवत नाहीत. पाठीला फळी देऊन त्यांना पाटावर बसवलं होतं. कपाळाला भस्माची तीन बोटं, गळ्यात रुद्राक्ष, झेंडूचे हार, मांडीवरच्या डाव्या तळहातात इष्टलिंग. एका बाजूला भजन चाललं होतं. अंगणात फुलांनी सजवलेलं विमान तयार होतं, त्यात बसवूनच नेणार होते.

बसलिंगप्पांची बायको शांतम्मा खांबाला टेकून बसली होती. दानम्मा जवळ जाताच तिने तिचं मनगट धरलं.

“आलीस माय? मला त्यांच्याजवळ बसव. आमच्या जोडीचा एक काढ.”

“काढते काकू.”

“एक बी न्हाई गं आमचा. लग्नात फोटोवाला नव्हता. नंतर हे म्हणायचे, आता काय म्हातारपणी.” ती थांबली, श्वास घेतला. “दसऱ्याआधी मीच हट्ट धरला. तुमच्या दुकानात आलो होतो दोघं. हे तर नवा शर्ट घालून. तू निलंग्याला गेली होतीस. शरणप्पा म्हणाला, काका, आता नको, दिवाळीला मोठा कॅमेरा येऊन राहिलाय, त्याच्यावर झकास काढू. हे म्हणाले, बरं, मोठ्यावरच काढू.”

दानम्माच्या मनगटावर शांतम्माची पकड घट्ट होती.  दानम्माने तिला उठवलं, पाटाजवळ आणलं, नवऱ्याच्या डाव्या हाताला बसवलं.

“लवकर करा बाई,” विधी करणारे जंगमस्वामी म्हणाले. “ऊन उतरायच्या आत समाधीवर पोचायचंय.”

दानम्माने कॅमेरा उभा धरला. दोघं चौकटीत आली. बटण दाबणार तोच पडदा काळा झाला.

तिने पकड सैल केली. कॅमेरा चालू झाला. पुन्हा धरला, पुन्हा बंद. ग्रिपचं चाक आवळलं. आता तो चालूच होईना.

“काय झालं?” मागून कुणीतरी विचारलं.

“बंद पडला वाटतं.”

“मोबाईलवर घ्या की. माझा चांगला हाय, चार कॅमेऱ्यांचा.”

“न्हाई,” शांतम्मा म्हणाली. तेवढंच म्हणाली, पण भजनवाल्यांचा टाळ थांबला.

विमान उचलणारे चौघे ओट्याच्या पायरीशी येऊन उभे राहिले. दानम्मा खाली बसली, कॅमेरा मांडीवर उलटा घेतला आणि सगळ्यांसमोर ग्रिपचं चाक उलटं फिरवून ठोकळा काढून टाकला. त्यातली एक बॅटरी काढून सरळ कॅमेऱ्याच्या पोटात सरकवली. पण झाकणाशिवाय कॅमेरा चालू होत नाही. झाकण दाबतं ते एक बारीक बटण आत असतं. ते दाबलेलं नसेल तर त्याला वाटतं, पोट उघडंच आहे.  तिने इकडेतिकडे पाहिलं. बसलिंगप्पांच्या पायांशी उदबत्त्या लावल्या होत्या. एक विझलेली काडी तिने उचलली, दातांनी तोडली, आणि तो तुकडा त्या बारीक भोकात घालून दाबला.

हिरवा दिवा लागला.

बॅटरीची खूण पूर्ण भरलेली दिसत होती. या लोकल बॅटरीचं पूर्ण म्हणजे काय, ते दानम्माला माहीत होतं. भरलेली दाखवता दाखवता एकदम शून्य. चार फोटो निघतील, नाहीतर एकच. डाव्या अंगठ्याने तिने बॅटरी वर दाबून धरली, त्याच हाताच्या बोटाने काडी. कॅमेरा एकट्या उजव्या हाताने तोलायचा होता. फ्लॅशचा विचारच तिने केला नाही, तो जास्तच ओढतो. ओट्यावर पश्चिमेचं ऊन तिरपं येत होतं, तेवढं पुरेसं होतं.

“एवढासाच हाय का कॅमेरा?” एक पोरगी आईला विचारत होती.

“काकू,” दानम्मा म्हणाली, “हनुवटी खाली. माझ्याकडं बघा.”

शांतम्माने पाहिलं. दानम्माने दाबलं. दाबताना शांतम्माचे डोळे मिटल्यासारखे वाटले. पडद्यावर बघायची सोय नव्हती, पडदा बॅटरी खातो. “अजून एक,” ती म्हणाली. शांतम्माने हात उचलला आणि नवऱ्याच्या गुडघ्यावर ठेवला, बसमध्ये शेजारी बसल्यावर ठेवावा तसा. दानम्माने दाबलं. तिसऱ्यांदा दाबलं तेव्हा शटर अर्ध्यात कुरकुरलं आणि दिवा गेला.

“झालं का?” शांतम्माने विचारलं.

“झालं,” दानम्मा म्हणाली. झालं की नाही, ते तिला ठाऊक नव्हतं. चौघे वर आले. टाळ पुन्हा सुरू झाला.

घरी परत येईपर्यंत तिने कॅमेरा पदरात धरला होता, ग्रिप पिशवीत. दुकानाच्या संगणकाशी सोमेश बसला होता. तिने कार्ड काढून त्याच्यापुढे ठेवलं. शरणप्पा येऊन मागे उभे राहिले, वर्षाराणी आतल्या दारात.

“काय झालं? ग्रिप का काढली?” शरणप्पांनी विचारलं.

“उघड,” दानम्मा सोमेशला म्हणाली.

कार्ड वाचायला वेळ लागला. दानम्मा उभी होती, टेबलाची कड धरून. पहिला फोटो आला. शांतम्माचे डोळे मिटलेले. तिसरा अर्धा काळा. मग सोमेशने दुसरा उघडला.

बसलिंगप्पा बसलेले, ऊन त्यांच्या हारांवर. शेजारी शांतम्मा, सरळ समोर बघणारी, हात त्यांच्या गुडघ्यावर. चौकट एका बाजूला कललेली.

“तिरका आलाय,” सोमेश हळूच म्हणाला.

“हाव. पण आलाय,” दानम्मा म्हणाली. मग ती नवऱ्याकडे वळली. “बसलिंगप्पाकाका दसऱ्याआधी दुकानात आले होते. काकूला घेऊन. तुम्ही काय सांगितलं त्यांना?”

शरणप्पांनी सोमेशच्या खुर्चीच्या पाठीवर हात टेकला.

“मोठा कॅमेरा येतोय म्हणालो,” ते म्हणाले. “चांगल्या मनानं म्हणालो, दानम्मा. म्हातारा पहिल्यांदाच फोटोला आला होता. म्हटलं, भारी काढू.”

“चांगल्या मनानं म्हणालात, ते मला कळतंय,” दानम्मा म्हणाली. “झाकण कुठं हाय?”

“कसलं?”

“बॅटरीचं. ग्रिप लावताना काढलं होतं ते.”

शरणप्पांनी गल्ला ओढला. स्टेपलरच्या पिना, जुना शिक्का, तुटलेली किल्ली बाजूला सारली आणि दोन बोटं रुंदीचं काळं झाकण बाहेर काढलं. “हे कशाला लागतंय म्हणून ठेवून दिलं होतं,” ते म्हणाले, आणि झाकण तिच्या हातात दिलं.

दानम्माने उदबत्तीचा तुकडा काढून टाकला आणि झाकण बसवलं. ते टक् करून बसलं. मग तिने कॅमेरा टेबलावर ठेवला आणि तिघांकडे एकदा पाहिलं.

“उद्या सकाळच्या गाडीनं लातूरला मी जाणार. एकटी. वापरलेली बॉडी मी बघून घेणार, बॅटऱ्या अन् कार्डं ओरिजिनल घेणार. उरले तर फ्लॅश, कुठल्या बी कंपनीचा. हा जुना द्यायचा न्हाई. दोन्ही कॅमेरे दुकानात माझ्या टेबलावर राहतील, सोमेशला लग्नाला लागला तर मला सांगून न्यायचा. अन् जे गिऱ्हाईक दारात येईल, त्याचा फोटो त्याच दिवशी निघंल.”