अकरा घरांचं पाणी

सोलापूर स्टेशनवर उतरलो तेव्हा बगलेत छापील तक्त्यांचा गठ्ठा होता आणि डोक्यात अस्सल पुणेरी शहाणपण. बहात्तरचा दुष्काळ. सांगोल्याकडच्या एका वाडीचा टँकर चालू ठेवायचा की बंद करायचा, हे माझे तक्ते ठरवणार होते. प्रश्न एकच : घरात पिण्याचे पाणी आहे काय?

तिथल्याच भवानी पेठेत कडक भाकरी आणि शेंगाचटणी हाणली. चटणीनं कानातून धूर काढला. मग एसटीनं सांगोला, पुढं दोन कोस पायपीट. वाटेत हिरवं असं फक्त माझ्या पिशवीचं कापड.

पहिल्या घरी प्रश्न वाचला. "हाय की! टेका की जरा," म्हणत बाईंनी तांब्या पुढं केला. प्यालो आणि 'आहे' लिहिलं. दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरीही तेच. दहाव्या घरापर्यंत पोट डचमळायला लागलं. लबाड लेकाचे, म्हटलं, घरात एवढं पाणी आणि वर टँकर हवा!

अकरावं घर गोदाक्का नावाच्या म्हातारीचं. तिनं मला तांब्या भरून दिला आणि केळी (पाण्याची लहान घागर) उपडी ठेवली.

"आक्का, उपडी का?"

"रिकामी झाली न्हवं."

"आणि आत्ता 'हाय' म्हणालात!"

"तुमी सरकारचं असा न्हायतर चोर असा, दारात आलेल्याला पानी न्हाय म्हनायचं व्हय?"

"अहो, अशानं टँकर बंद होईल!"

"हुईल की. पन त्वांडातनं न्हाय कसं काढू?"

"आता टँकर कधी?"

"परवा."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. उलटपावली निघालो. आता कुणालाच काही विचारलं नाही, प्रत्येक घरी नुसतं घागरीवरचं झाकण उचलून पाहिलं. तळाशी गाळ. सगळे 'आहे' खोडले, 'नाही' लिहिलं.

सोलापूरच्या कचेरीत तक्ते वाचून साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "एकाही घरात पाणी नाही? मग तुम्ही दिवसभर प्यालात काय?"

"होतं साहेब. ते मीच प्यालो."

साहेबांनी चष्मा खाली ओढला आणि सही ठोकली. टँकर वाचला.

पुण्यात परतल्यावर कचेरीतले मित्र म्हणाले, लोकांनी दिलेली उत्तरं खोडलीस? ही तर आकड्यांत ढवळाढवळ! असेल बुवा. पण ती मी पहिला तांब्या तोंडाला लावला तेव्हाच झाली होती.