जोड्यातलं संत्रं

आईचा फोन आला तेव्हा मी नागपूरला ऑफिसात होते. "उर्मिला गेली," ती म्हणाली, "जेवून आडवी झाली ते उठलीच नाही." मग म्हणाली, "तिचे काळे जोडे दारातच आहेत वं. आत घेऊ का?" जाऊ गेल्याची बातमी देताना माझ्या आईने जोड्यांचं विचारावं, हे ज्यांना आमचं घर माहीत नाही त्यांना विचित्र वाटेल. मला मात्र रडू फुटलं ते त्या जोड्यांनीच.

उर्मिलाकाकूचं माहेरचं नाव उर्सुला आणि माहेर जर्मनीत. शरदकाका तरुणपणी सूतगिरणीची यंत्रं शिकायला तिकडे गेला आणि परतला तो बायको घेऊन. मी तेव्हा पाच वर्षांची होते. यवतमाळात आल्यावर काकू मराठी शिकली ती आईकडून आणि भाजीवालीकडून, त्यामुळे पुण्याचे पाहुणे आले की त्यांची दातखीळ बसायची. गोरीपान, निळ्या डोळ्यांची बाई, आणि म्हणते काय, "काहून उभे राह्यले? बसा न, चहा करून राह्यली मी."

तिने तिकडचे सण सोडले नाहीत, पण आमच्या घराच्या मापाचे करून घेतले. ईस्टरला तिकडे अंडी रंगवून बागेत लपवतात. आमच्या उंबरठ्याच्या आत अंडं येत नसे, म्हणून ती कवठं रंगवायची. आम्ही पोरं परसात ती शोधायचो आणि संध्याकाळी त्यांचीच गूळ घालून चटणी व्हायची. नाताळाआधीच्या चार रविवारांसाठी ती पानांचं एक कडं करी आणि दिवाळीतल्या उरलेल्या चार पणत्या त्यावर मांडी. पहिल्या रविवारी एक लावायची, दुसऱ्या रविवारी दोन. आईला हे अजिबात पटायचं नाही. "चारही एकदम लाव न, तेल का कमी पडून राह्यलं?" काकू म्हणे, "वाट पाह्यनं हाच तर सण आहे, ताई."

गाडी अडली ती जोड्यांवर. सहा डिसेंबरला त्यांच्याकडे निकोलस नावाचा संत येतो. पोरांनी आदल्या संध्याकाळी जोडे पुसून दाराबाहेर ठेवायचे, सकाळी त्यात खाऊ सापडतो. काकूच्या लहानपणी त्यात एक संत्रं असायचं, वर्षातून एकदाच मिळणारं. पहिल्याच वर्षी तिने आमच्या शाळेच्या बुटांत संत्री आणि बेसनाचे लाडू ठेवले. आईने सकाळी दार उघडलं आणि तिच्या नाकाचा शेंडा लाल झाला. "खायची वस्तू जोड्यात? अन्न आहे का काय आहे ते?" सगळा खाऊ गायीपुढे गेला. आम्ही भोकाड पसरलं, काकू खोलीत जाऊन बसली. पुढच्या वर्षापासून तह झाला. जोडे चकचकीत पुसायचे, पण खाऊ शेजारच्या सुपात. संतालाही आमच्याकडे सोवळं पाळावं लागलं. आई स्वतःची चप्पल मात्र कधीच बाहेर ठेवू द्यायची नाही. "मले नको तुया संताचं काही," म्हणायची.

मग कापसाचे ते वाईट दिवस आले. लोहारा गावाजवळची, काका कामाला होता ती सूतगिरणी बंद पडली. काका दिवसभर अंगणात बसून पेपर वाचायचा, तोच तोच. तिकडून काकूच्या भावाचं पत्र आलं, सोबत दोन तिकिटं. त्याची बेकरी होती, दोघांनी कायमचं यावं. काका हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही. "तू म्हनशील तसं" एवढंच. काकूने बॅगा काढल्या. मी तेव्हा बारावीत होते. काकू जाणार या कल्पनेने माझी जेवणावरची वासना उडाली होती, पण सांगणार कोणाला? आई तर दोन दिवस कोणाशी धड बोलतच नव्हती.

पाच डिसेंबर आला. काकूने शेवटचे म्हणून आमचे सगळ्यांचे जोडे पुसले आणि प्रवासासाठी स्वतःचेही काढून दाराबाहेर मांडले, ज्यांत ती पहिल्यांदा या घरात आली होती ते काळे, चामड्याचे. सकाळी तिने दार उघडलं आणि तिथेच खाली बसली. तिच्या जोड्यांत धुतलेल्या कापसाचा थर होता आणि त्यावर डिंकाचे लाडू, एकेका जोड्यात दोन.

आई आतून म्हणाली, "जोड्यात अन्न आहे उर्मिला. आता त्यात पाय घालशील तर पाप लागंल."

"लाडू खाल्ले का रिकामे होतात न जोडे, ताई."

"मंग मी अजून भरीन."

काकू हसत होती की रडत होती, मला आजही सांगता येणार नाही. तिने एक लाडू तिथेच पायरीवर खाल्ला आणि अनवाणी आत आली. तिकिटं परत गेली. काका महागावच्या कापसाच्या जिनिंग कारखान्यात लागला, शनिवारी घरी यायचा. ते जोडे दारापाशीच राहिले. काकूने ते पुन्हा घातले नाहीत, पण दर पाच डिसेंबरला पुसून बाहेर ठेवले आणि आईने दर वर्षी ते भरले. काका गेला त्या वर्षीसुद्धा.

या पाच डिसेंबरला मी मुद्दाम घरी गेले. आईला आता नीट दिसत नाही. ती दारात बसून चाचपडत काहीतरी पुसत होती. काकूचे जोडे असतील असं वाटलं, पण ती आईची स्वतःची चप्पल होती, अंगठा झिजलेली. "ठेव बाहेर," माझ्याकडे न बघता म्हणाली, "यंदा ठेवून पाह्यतो."

मी काकूच्या काळ्या जोड्यांशेजारी ती ठेवली आणि पहाटे उठून त्या चपलेवर एक संत्रं ठेवलं. सकाळी आईने ते उचललं. धुवायला नेईल म्हणून मी तांब्या पुढे केला, तो तिने बाजूला सारला. पायरीवर बसून तिने संत्रं सोललं, अर्ध्या फोडी स्वतः खाल्ल्या आणि अर्ध्या माझ्या हातावर ठेवल्या.

"खा," म्हणाली, "तुया काकूच्या वाटनीच्या आहेत."